धुराचें स्थलांतर

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धरमपेठेंतील घरीं पाणी तापविण्याचें विजेचें यंत्र बसलें. त्याला जग गीझर म्हणतें. आमच्या घरीं जुन्या सवयीनें त्यासही ‘नवा बंब’ हेंच नांव पडलें. कारागिरानें भिंतीला चार भोकें पाडलीं, पांढरीशुभ्र टाकी टांगली, नळ जोडले, आणि ‘आतां कळ दाबली कीं झालें’ असें सांगून तो दोन तासांत लक्ष्मीभुवन चौकाकडे चालता झाला. जुना तांब्याचा बंब अंगणांत आडवा पडला होता. त्याच्या मधल्या नळींतून राखेची शेवटची मूठ फरशीवर सांडली. ती झाडतांना मनांत आलें, चला, ह्यापुढें ह्या घरांत राख होणार नाहीं.

हा विचार दिवसभर मोठा सुखकर वाटला. रात्रीं हिशेब करूं लागलों तेव्हां त्यांतील ‘ह्या घरांत’ हे दोन शब्द टोचूं लागले.

हिशेब साधा आहे. टाकींत पंधरा लिटर पाणी मावतें. तें वीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत न्यावयाचें तर सुमारें पाऊण युनिट वीज खर्च होते. महाराष्ट्राची वीज अजून बव्हंशीं कोळशावर चालते, एका युनिटास अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो, आणि आपल्याकडील कोळशांत राखेचें प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतें. आमच्या पांच माणसांच्या स्नानास रोज तीन-चार टाक्या धरल्या, तर अर्ध्या किलोच्या आगेंमागें राख दररोज कोठें तरी सांडतेच. ती आमच्या अंगणांत सांडत नाहीं, इतकेंच.

कोठें सांडते हें शोधावयास नागपुरकरांस दूर जावें लागत नाहीं. शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें औष्णिक वीजकेंद्रें आहेत. कोराडीचा पहिला संच १९७४ सालीं सुरू झाला, आणि अलीकडे तेथें ६६० मेगावॅटचे तीन प्रचंड संच उभे राहिले. आमचा खरा बंब तेथें आहे. न्हाणीघरांतील टाकी ही केवळ त्याची तोटी. तेथें कोळशाची पूड जळते, पाण्याची वाफ होते, वाफेनें चक्र फिरतें, आणि मूळ उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वाटेंतच हरवून उरलेली शक्ति आमच्या तारेंतून येते. गंमत अशी कीं, भांडेवाडीस शुद्ध केलेलें आम्हां नागपुरकरांचें सांडपाणीच कोराडीस पुरविलें जातें. राख पाण्यांत कालवून तळ्यांत सोडतात. जुलै २०२२ मध्यें कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतळ्याचा बांध फुटला, आणि तो करडा चिखल आसपासच्या शेतांत व ओढ्यांत पसरला. त्या शेतांपैकीं एकाचाही धनी आमच्या न्हाणीघरांत कधीं न्हाला नसेल.

येथें लेखणी आपोआप जुन्या बंबाच्या स्तुतीकडे वळते. बंबाचा न्याय रोकडा होता. वरून जितकें गार पाणी ओतावें तितकेंच ऊन पाणी तोटींतून बाहेर यावें; घेणाऱ्यानें भरावें, हा त्याच्या घडणींतलाच नियम. पऱ्हाट्या, नारळाच्या शेंड्या, गोवरीचा तुकडा, जें जाळावें तें समोर जळे. धूर आपल्याच डोळ्यांत जाई, आणि राखेनें आपलींच भांडीं घासलीं जात. ज्या सुखाची किंमत दिसते तें मनुष्य जपून भोगतो, असें ह्यावरून म्हणावेंसें वाटतें.

परंतु धूर ‘आपल्या’ डोळ्यांत जाई हें मीं आतांच लिहिलें, तें खोटें आहे. तो माझ्या आत्याच्या डोळ्यांत जाई. पहाटे चारला ती उठे व ओलसर पऱ्हाट्यांवर फुंकर घालीत बसे. स्नानाचा क्रम ठरलेला: आजोबा, वडील, काका, मग आम्ही मुलें, मग घरांतील इतर स्त्रिया, आणि शेवटीं ती. तोंवर निखारे विझून पाणी कोमट झालेलें असे. तिला कधीं विसण घ्यावें लागलें नाहीं. तिचे लाल डोळे घरांतल्या दहा माणसांना रोज दिसत. दिसत होते म्हणून कोणी एक तांब्या पाणी कमी घेतलें, असें मला आठवत नाहीं. किंमत दृष्टीआड झाल्यामुळें आपण निष्ठुर झालों, ही उपपत्ति म्हणूनच मला फार सोयीची वाटते. किंमत दिसली कीं लाज वाटते खरी. पण लाजेची सवय व्हावयास एक हिवाळा पुरतो.

मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरांतील पांच हिंसास्थानें सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. नव्या बंबांत त्यांपैकीं पहिलें व शेवटचें एकत्र आलीं आहेत. त्या ग्रंथाशीं माझें भांडण पुष्कळ आहे, तें येथें नको. पण अगदीं निरुपद्रवी संसारालाही कोणाचा तरी जीव लागतो, ही दृष्टि सूक्ष्म खरीच. उपाय मात्र पटत नाहीं. पांच महायज्ञ गृहस्थानें करावे, आणि दोष त्याचा जावा! भूतयज्ञांत प्राण्यांना घास मिळतो, पण तो चुलींत जळालेल्या मुंगीला नव्हे. आमचीं आधुनिक प्रायश्चित्तेंही त्याच जातीचीं. मीं अर्धी बादली वांचविली तर समाधान माझें. खसाळ्याच्या शेतांत तें पोंचत नाहीं. थंड पाण्यानें न्हा, असेंही मी कोणास सांगणार नाहीं. २०१८ च्या डिसेंबरांत येथें पारा साडेतीन अंशांवर उतरला होता, आणि मी आतां वृद्ध आहें. ऋण धनकोच्या दारीं जाऊन फेडावें लागतें. राखेचा चोख बंदोबस्त करण्याचा पुरा खर्च विजेच्या दरांत धरला तर बिल वाढेल. तें वाढल्यावर आम्ही धरमपेठवासी कुरकुरूं कीं नाहीं, हीच माझ्या मतें खरी परीक्षा. आत्याच्या बाबतींत आम्ही त्या परीक्षेस बसलोंच नाहीं.

हें सर्व मीं सूनबाईला वाचून दाखविलें. ती म्हणाली, “बाबा, पहाटे चारला पेटवायला तुम्ही उठणार असाल, तर जुना बंब परत लावूं.” मजजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मी मुद्दाम सर्वांच्या शेवटीं स्नानास गेलों. पाणी पहिल्याइतकेंच कढत होतें.