साडी नको, दर वाढवा



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे आपलं कर्तव्यच आहे असं समजून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलं ते राजस. आणि भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, अपात्र माणसाला किंवा समोरच्याचा मान न राखता दिलं ते तामस.

कॉलेजपासून मी हे वाचतोय आणि दरवेळी 'पात्र' या शब्दावर अडकतो. सिग्नलला कुणी हात पसरला की माझ्या डोक्यात लगेच तपासणी सुरू होते. म्हातारी बाई आहे? पास. लहान मूल? पास. पस्तिशीचा, हातपाय धड असलेला माणूस? फेल. "काम का करत नाही?" हा प्रश्न मनात तयारच असतो. तुमचंही असंच होत असेल.

मागच्या महिन्यात मात्र काम करणाऱ्या माणसासमोरच मी फेल झालो.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत कचरा न्यायला एक मावशी येतात. रोज सकाळी चार मजले चढउतार. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि आम्ही एकत्र करून ठेवलेला त्या हाताने वेगळा करतात. त्यांनी घरटी महिन्याला वीस रुपये वाढवून मागितले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "यांचं दरवर्षीचंच आहे. एखादा कंत्राटदार बघू." हात वर करून मतदान झालं. माझाही हात वर होता. त्याच आठवड्यात मी मंदिरात अन्नदानासाठी ५००१ रुपयांची पावती फाडली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात भेटल्या. मला वाटलं, रडतील किंवा चिडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, यंदा दिवाळीला साडी नका देऊ. त्यापरीस दर वाढवा."

दिवसभर ऑफिसात हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. साडी देताना मला किती छान वाटायचं! मावशी हसायच्या, "देव भलं करो" म्हणायच्या. वीस रुपये देताना असं काहीच मिळणार नव्हतं, कारण ते त्या हक्काने मागत होत्या. म्हणजे साडीच्या बदल्यात मी कृतज्ञता घेत होतो. २१ वा श्लोक पुन्हा वाचला. परतफेडीची अपेक्षा आणि जिवावर येऊन देणं, दोन्ही खुणा माझ्यात सापडल्या.

मग मावशींच्या संघटनेबद्दल वाचलं. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' पुण्यात १९९३ साली उभी राहिली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुतेक दलित समाजातल्या बायका. कितीतरी कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून शहरात आलेली. उकिरड्यात हात घालून भंगार गोळा करायचं, भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा, अडचणीला सावकार, आणि वर चोर असल्याचा संशय. दिवसभर राबूनही गरिबी हटत नव्हती. कष्ट कमी पडत नव्हते, त्या कष्टांना काम म्हणून कुणी ओळखत नव्हतं. म्हणून संघटनेने आधी ओळखपत्रांसाठी धडपड केली आणि महापालिकेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बचत आणि कर्जासाठी स्वतःची पतसंस्था काढली. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तिच्या मालक या कचरावेचकच. घरटी शुल्क आणि सुक्या कचऱ्यातल्या भंगाराचे पैसे, ही त्यांची कमाई.

एकट्या बाईने मागितलं की आपण त्याला याचना समजतो. हजारो जणींनी मिळून मागितलं की त्याचा दर होतो. माझ्यासारख्या भाविकाला पहिलं आवडतं आणि दुसरं खटकतं. का? पहिल्यात मी दाता असतो. दुसऱ्यात मी देणेकरी असतो.

तुम्ही म्हणाल, मावशी तर कामाच्या बदल्यात पैसे घेतात, मग दानाचे श्लोक इथे लागूच कुठे होतात? बरोबर आहे. मजुरी म्हणजे दान नव्हेच, ते आपलं देणं आहे. माझी चूक तिथेच झाली. देणं थकवून मी दान करत होतो. घराचा हप्ता बुडवून कुणी देवळाला चांदीचा मुकुट वाहिला तर आपण त्याला काय म्हणू? मला वाटतं, सगळी देणी फेडल्यावर जे उरतं, तिथून दान सुरू होतं.

गाडगेबाबा गावात गेले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग भाकरी घ्यायचे. ती भाकरी भिक्षा होती की मजुरी? मी अजून विचार करतोय. पण ती देणाऱ्या घराने "आम्ही उपकार केले" म्हणावं, असं त्यात काहीच नव्हतं.

याचा अर्थ अन्नदान बंद करा, असा नाही. ज्यांना काम झेपत नाही, ज्यांचं काम सुटलंय, त्यांच्यासाठी भरल्या ताटाला पर्याय नाही. पण ज्यांचे हात आधीच कामात आहेत, त्यांची पात्रता तपासायची गरज नाही. तिथे तपासायचा तो आपला हिशोब.

रविवारी सोसायटीची पुन्हा मीटिंग आहे. विषय मी मांडणार आहे. मागच्या वेळी माझा हात कुठे होता, हे सगळ्यांसमोर सांगायला लागेल, त्याची थोडी लाज वाटतेय. वाटू दे.

आजचा अभ्यास: आपल्या घरात राबणाऱ्या, घरापर्यंत येणाऱ्या माणसांची यादी करा. भांडी, कचरा, इस्त्री, पाणी, वॉचमन. प्रत्येकाचं नाव लिहा. शेवटचा दर कधी वाढवला, ते पुढे लिहा. नाव माहीत नसेल तर आधी ते विचारून या.

॥ राम कृष्ण हरी ॥