जपणूक आणि दर्शन

जुन्या वस्तूंविषयी आदर बाळगणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते, आणि ते यथार्थ आहे. परंतु हा आदर कोठवर आदर राहतो, आणि कोठून पुढे तो केवळ आपल्या ताब्याचा अभिमान होऊन बसतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे तो केला नव्हता.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गॅलिलिओच्या नावाचे एक विज्ञान-संग्रहालय आहे. तेथे हस्तिदंताच्या नक्षीदार चौकटीत बसविलेले एक तडकलेले भिंग ठेविले आहे. त्याचा व्यास अवघा ३८ मिलिमीटर. १६१० सालच्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे उपग्रह पाहिले ते या भिंगातून. पुढे ते अपघाताने तडकले. चौकट १६७७ सालची आहे. त्याच संग्रहालयात गॅलिलिओच्या उजव्या हाताचे एक बोटही काचपात्रात आहे. १७३७ साली त्याचे अवशेष नव्या समाधीत नेताना ते काढून घेण्यात आले. साधुपुरुषाच्या अस्थी भक्तांनी जपाव्या, त्याच भावनेने शास्त्रज्ञाचे बोट जपले गेले. त्यात आम्हांस हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या भिंगातून आता काहीच दिसणे शक्य नाही, त्याची दुसरी सेवा ती कोणती करावयाची?

आता दुसरे उदाहरण पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील ओकलंड शहरास १८८३ साली अँथनी शॅबो नावाच्या धनिकाने एक दुर्बीण अर्पण केली. आठ इंच व्यासाच्या भिंगाची ही दुर्बीण अल्वन क्लार्क आणि पुत्र या नामांकित कारागिरांनी घडविलेली होती. शहराचे दिवे वाढले तेव्हा वेधशाळा १९१५ साली शहराबाहेर न्यावी लागली, आणि २००० साली ती डोंगरमाथ्यावरील नव्या विज्ञानकेंद्रात गेली. आज ती दुर्बीण संग्रहातील मानाची वस्तू आहे. तथापि तिच्याभोवती काचेची पेटी नाही. दर आठवड्यास शुक्रवारी व शनिवारी रात्री, आकाश निरभ्र असल्यास, कोणीही जावे, रांगेत उभे राहावे आणि तिला डोळा लावावा. त्यासाठी पैसाही पडत नाही.

वाचक म्हणतील, एवढी जुनी वस्तू हजारो लोकांच्या हाती देणे हा अविचार नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाही. वापराने वस्तू झिजते. आणि एकदा गेलेली वस्तू कोणत्याही दानाने परत येत नाही. हाच युक्तिवाद आम्ही स्वतः बारा वर्षे करीत होतो. आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात तीन इंची भिंगाची एक पितळी दुर्बीण होती आणि कपाटाची किल्ली आमच्यापाशी होती. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी दुर्बीण लख्ख पुसून मेजावर मांडावी, तीपुढे ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी ठेवावी, आणि सायंकाळी ती पुन्हा कुलपात घालावी, असा आमचा परिपाठ होता. एके वर्षी ती उचलून ठेवताना आमच्या वृद्ध शिपायाने सहज विचारले, “सर, ह्यातून खरंच काही दिसतं का हो?”

आम्हांस उत्तर देता येईना. गुरूच्या चंद्रांवर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली होती. पण त्या दुर्बिणीतून आम्ही स्वतः एकदाही पाहिले नव्हते.

पाडुआच्या विद्यापीठात क्रेमोनिनी नावाचा तत्त्वज्ञानाचा थोर अध्यापक गॅलिलिओचा सहकारी होता. त्याने दुर्बिणीस डोळा लावण्याचे नाकारले, आणि इतिहासाने त्याला हटवादाचे उदाहरण करून ठेविले. आम्हीही वर्गात त्याचा उपहास करीत आलो होतो. परंतु दुर्बिणीचा अव्हेर करून जो पाहत नाही आणि दुर्बिणीची पूजा करून जो पाहत नाही, त्या दोघांत अंतर ते कितीसे? क्रेमोनिनीने निदान दुसऱ्यांस अडविले नव्हते. आम्ही पाटी लावून अडविले होते.

पुढल्या शनिवारपासून दुर्बीण गच्चीवर जाऊ लागली. पहिल्या रात्री तिचा रोख गुरूकडे लावून आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले की, चार चंद्र दिसतील. शिपायाने बराच वेळ पाहून म्हटले, “तीनच आहेत, सर.” आम्ही पाहिले, तो खरोखरच तीन! चौथा त्या वेळी गुरूच्या बिंबाआड होता. गॅलिलिओलाही पहिल्या रात्री तीनच दिसले होते, हे आम्हांस ठाऊक होते; परंतु पाहण्यापूर्वी ते आठवले नाही.

१९७९ साली व्हॉयेजर यानांनी या चंद्रांची जवळून घेतलेली चित्रे पाठविली. त्यांच्यापुढे आमच्या दुर्बिणीतील ठिपके काहीच नव्हेत. मग रांगेत उभे राहून मिळते काय? आमच्या मते माहिती नव्हे, तर साक्ष मिळते. चित्र दुसऱ्याने दिलेले असते. ठिपका आपण स्वतः पाहिलेला असतो. त्या रांगेत प्राचार्य आणि शिपाई यांना तेवढाच अवधी मिळतो, आणि एकाचे पाहणे दुसऱ्याच्या कामी येत नाही.

याची किंमत पडली नाही असे नाही. दुसऱ्याच वर्षी एका मुलाच्या हातून नेत्रभिंग निसटले आणि त्यास तडा गेला. मुलगा रडवेला झाला. आम्हांसही वाईट वाटले, आणि आमची पाटीच बरोबर होती की काय, अशी शंका क्षणभर मनात आली. नवे नेत्रभिंग आणविले. जुने कपाटात ठेविले आहे. आता त्यातून काही दिसत नाही, म्हणून ते जपणे हे आमचे कर्तव्य आहे. ज्यातून अजून दिसते, ते मात्र शनिवारी गच्चीवर असते. कपाटाची किल्ली आम्ही त्या शिपायाच्या स्वाधीन केली आहे.