अशिलाचं ‘नाही’ आणि वकिलाची सही

पुढचा संवाद कल्पित आहे. त्यातले निकाल आणि कायदे खरे आहेत. पुण्यातला व्यावसायिक दावा. भोसरीच्या एका छोट्या कारखानदाराने सुटे भाग पुरवले, ते सदोष निघाले म्हणून घेणाऱ्या कंपनीने नुकसानभरपाई मागितली. कारखानदाराचा बचाव एका वाक्याचा: मालाबद्दल तक्रार कधीच आली नाही. कैफियतीची 120 दिवसांची कमाल मुदत सोमवारी संपते आहे. कैफियतीसोबत कागदांची यादी जोडायची, आणि ताब्यातले सगळे कागद उघड केले आहेत, असं शपथेवर सांगायचं.

ज्युनियर: सर, यादी तयार आहे. अशील म्हणतात, एवढेच कागद. शपथ त्यांची आहे. आपण फक्त दाखल करायचं.

सीनियर: त्यांनी शोधलं कुठे?

ज्युनियर: ऑफिसातल्या फायलींत. स्वतः बघितलं म्हणाले.

सीनियर: तक्रार आली असेल तर ती फायलीत कशाला असेल? पलीकडचा माणूस डिस्पॅचवाल्या मुलाला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, “हे बघ काय पाठवलंस” म्हणतो, आणि विषय तिथेच राहतो. त्या मुलाला कुणी विचारलं?

ज्युनियर: नाही. पण सर, मी त्यांची वकील आहे, त्यांच्यावर नेमलेली इन्स्पेक्टर नाही. त्यांच्या माणसांचे फोन उघडायला लावले, तर उद्या ते माझ्याशी मोकळं बोलतील? लपवाछपवी तर आणखीच वाढेल.

तिचा मुद्दा हलका नाही. अशील वकिलापाशी मन मोकळं करतो ते आतलं बाहेर जाणार नाही या भरवशावर, आणि कायद्यानेही तो भरवसा जपला आहे. चौकशी सुरू झाली की त्याला पहिल्यांदा वाटतं, हासुद्धा माझ्यावर संशय घेतो.

सीनियर: क्वालकॉम या अमेरिकी कंपनीच्या वकिलांनी असाच भरवसा ठेवला होता. कंपनीने 2005 मध्ये सॅन डिएगोच्या कोर्टात ब्रॉडकॉमवर पेटंटचा दावा लावला. व्हिडिओचं एक जागतिक मानक जी समिती ठरवत होती, तिच्या कामात क्वालकॉम आधीपासून होती का, हा कळीचा प्रश्न. कंपनी ठामपणे म्हणत राहिली, नव्हतो. जानेवारी 2007 मध्ये, ज्यूरीपुढे सुनावणी चालू असताना, साक्षीदाराची तयारी करून घेणाऱ्या एका तरुण वकिलाला साक्षीदाराच्या लॅपटॉपवर ऑगस्ट 2002 चा एक ईमेल दिसला. समितीच्या कामाशी जोडलेल्या एका ईमेल-गटात स्वागत करणारा. आणखी शोधल्यावर 21 निघाले.

ज्युनियर: आणि त्यांनी ते दिले नाहीत.

सीनियर: नाही दिले. मागणीत बसत नाहीत, असं ठरवलं. उलटतपासणीत साक्षीदाराने ईमेल आल्याचं कबूल केलं, तेव्हा द्यावे लागले. पुढे कंपनीतून निघाले 46,000 हून जास्त दस्तऐवज, तीन लाखांवर पानं. जानेवारी 2008 मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायाधीश बार्बरा मेजर यांनी कंपनीवर 85 लाख डॉलरहून जास्त रकमेचा भुर्दंड बसवला आणि सहा वकिलांची नावं चौकशीसाठी कॅलिफोर्नियाच्या बारकडे पाठवली.

ज्युनियर: पण 2010 मध्ये त्याच न्यायाधीशांनी वकिलांवर कारवाई नाकारली. सुटलेच ना?

सीनियर: वाईट हेतू सिद्ध झाला नाही म्हणून सुटले. शोध पुरा झाला का, हे पडताळायची जबाबदारी एकाही वकिलाने घेतली नव्हती, हे न्यायाधीशांनी तेव्हाही नोंदवलं. आणि तुझ्या त्या विश्वासाचं काय झालं? गोष्ट अंगाशी आल्यावर कंपनीच्या माणसांनी आपला बचाव करणारी, वकिलांवर ठपका येईल अशी प्रतिज्ञापत्रं दिली. वकिलांना मात्र गोपनीयतेपायी सुरुवातीला तोंडही उघडता आलं नव्हतं. मार्च 2008 मध्ये वरच्या न्यायाधीशांनी मुभा दिली, तेव्हा कुठे त्यांना बाजू मांडता आली.

ज्युनियर: म्हणजे न विचारल्यामुळेही विश्वास टिकला नाही.

सीनियर: आपल्या दाव्यात एक गोष्ट बघ. तक्रार आली होती असं म्हणायचं तर एक कागद पुरतो. ‘कधीच आली नाही’ म्हणायचं तर ती जिथे येऊ शकली असती अशा सगळ्या जागा बघून झालेल्या असाव्या लागतात. आपला सगळा बचाव त्या ‘कधीच’वर उभा आहे, आणि बघितली एक जागा.

ज्युनियर: पण हे अमेरिकेतलं आहे. तिथे कागद दिल्याच्या उत्तरावर वकिलाची सही लागते, वाजवी चौकशी केल्याची हमी म्हणून. आपल्याकडे शपथ पक्षकाराची. मला कोण विचारणार?

सीनियर: बरोबर. अशिलाच्या शोधावर देखरेख ठेवा, असं आपल्या नियमांत इतक्या शब्दांत नाही. पण व्यावसायिक न्यायालय कायदा, 2015 ने बदललेला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 11 वाच. बाजूचे असोत की विरोधातले, दाव्याशी संबंधित सगळे कागद द्यायचे. कारखानदाराला हे कोण समजावणार? त्याला अजून वाटतं, आपल्या फायद्याचे कागद म्हणजे कागद. आणि अशिलाला गैर मार्गापासून रोखायचा सर्वतोपरी प्रयत्न कर, हे बार कौन्सिलच्या नियमांत आहेच. चेंगलवराय नायडू प्रकरणात 1993 साली सुप्रीम कोर्टाने एका हक्कसोडपत्राच्या लपवणुकीला कोर्टाची फसवणूक म्हटलं आणि त्यावर मिळालेला हुकूमनामा निरर्थक ठरवला. जिंकलेला दावा गेला.

ज्युनियर: धरा, मुलाच्या फोनमध्ये तक्रारीचे फोटो निघाले. मी ते कोर्टाला दिले तर अशिलाचा विश्वासघात, दाबले तर कोर्टाचा. न विचारलेलं बरं, असं वाटतं ते यामुळेच.

या प्रश्नापाशी बरेच वकील थांबतात, आणि न विचारण्याला सभ्यता समजतात. मला ती पळवाट वाटते.

सीनियर: तू परस्पर काहीच द्यायचं नाहीस. द्यायचं अशिलाने, त्याच्या यादीत. तुझं काम त्याला समोर बसवून सांगणं, की हा कागद लपणार नाही, पलीकडच्या फोनमध्ये त्याची जोडी आहे. बचाव बदलू. तक्रार आली, पण कराराच्या मुदतीत आली का, दोष वाहतुकीतला होता का, हे लढू. किंवा तडजोडीला बसू. आज कळलं तर एवढे रस्ते आहेत. उलटतपासणीत कळलं तर एकही नाही.

ज्युनियर: त्यांच्याकडे ना आयटी विभाग, ना पैसा.

सीनियर: अख्खा कारखाना पालथा घालायचा नाही. या मालाबद्दल कोण कोणाशी बोलत होतं, एवढं विचार. डिस्पॅच, अकाउंट्स, नोकरी सोडून गेलेला सेल्सवाला. फोन बदलला का, आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का. आणि आजच लेखी कळव, काही पुसू नका.

ज्युनियर: तरीही ते म्हणाले, फोटो द्यायचे नाहीत, तर?

सीनियर: तर त्या शपथेखाली आपलं नाव नाही. त्यांना पुरेशी सूचना द्यायची, न वापरलेली फी परत करायची, कोर्टाची परवानगी घेऊन वकीलपत्र सोडायचं, आणि कारण कोणालाही सांगायचं नाही. पुरेशी सूचना म्हणजे आज. सोमवारी सकाळी त्यांना वाऱ्यावर सोडलं, तर तोही विश्वासघातच. म्हणून संध्याकाळच्या आत भोसरीला जा.