गौतमीचे वस्त्र आणि आपली लोकर



जपानमध्ये हिवाळ्यात बहुतेक घरांत सगळे घर तापत नाही, बसायची एक खोली तेवढी उबदार. मुले झोपली, भांडी आवरली की कोतात्सूत पाय घालून तुमच्यापैकी काहीजणी लोकर काढतात. (बंधूंनो, सुया तुम्हालाही चालतात.) सुलट, उलट, सुलट. आपल्याच माणसासाठी रात्र रात्र विणणे, ही आसक्ती का?

मज्झिम निकायातले १४२ वे, दक्खिणाविभंग सुत्त पाहा. महाप्रजापती गौतमीने खास तथागतांसाठी स्वतः सूत कातून, विणून नव्या वस्त्रांची जोडी आणली. ते म्हणाले, संघाला दे. तिने तीनदा विनवले, तीनदा तेच उत्तर. आणि ही तर दूध पाजून वाढवणारी मावशी! मला हे फार दिवस कठोर वाटे. आनंदानेही त्या दुधाची आठवण करून दिलीच. तथागतांनी तिचे ऋण नाकारले नाही; संघाला दिलेस तर माझाही सन्मान होईल, असे त्यांनी आधीच सांगितले होते. तिची माया त्यांना पोचली होती, वस्त्र पुढे जायचे होते.

म्हणून लेकराचा स्वेटर आधी पुरा करा. त्याला कुडकुडत ठेवून कसला धम्म? पण ६ डिसेंबरला अभिवादनाला जमाल तेव्हा जरा बघा, यंदाच आलेल्या, एकट्या राहणाऱ्या कुणा विद्यार्थ्याचा गळा उघडा आहे का. उरलेल्या लोकरीत एक मफलर बसतो. मला त्याला पंधरा रात्री लागतात.