काचेला हात लावण्याआधी

शार्ल मारव्हिल हा पॅरिसचा फोटोग्राफर. जन्म १८१३चा. आधी पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, १८५०च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळला. पुढे तो पॅरिस शहराचा अधिकृत फोटोग्राफर झाला. तेव्हा शहरात मोठी पाडापाडी चालली होती. सम्राट तिसरा नेपोलियन आणि त्याचा प्रशासक ओस्मां यांना रुंद, सरळ रस्ते हवे होते. ज्या गल्ल्या जाणार, त्यांचे फोटो काढून ठेवायचं काम मारव्हिलकडे आलं. अरुंद, ओलसर गल्ल्या, मधून वाहणारं सांडपाणी. उरकून टाकायला सबब तयारच होती, उद्या पडणारच आहे की सगळं! पण त्याने काढलेले ४००हून अधिक फोटो आजही बघावेत. रस्त्याचा दगड न् दगड स्पष्ट. भिंतीवरच्या पाट्या वाचता येतात. गल्ली त्याने सजवलेली नाही, की मुद्दाम केविलवाणीही केलेली नाही. मला त्याचं हे फार आवडतं.

याचं थोडं श्रेय त्या काळच्या पद्धतीलाही द्यायला हवं. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, मग ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची. ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. हाताशी जेमतेम काही मिनिटं. काच वाळली की मेहनत फुकट. त्यामुळे कॅमेरा कुठे, किती खाली ठेवायचा, उजेड कुठून येतोय, हे काच हातात घेण्याआधीच ठरवलेलं बरं. नुसतं उभं राहून बघणं हाही कामाचाच भाग होता.

शहराने त्याला गॅसच्या दिव्यांचे खांबही टिपायला लावले. आणि सार्वजनिक मुताऱ्या. हो, मुताऱ्यासुद्धा! तिथेही त्याने हात आखडता घेतला नाही. एकेक खांब चौकटीच्या मधोमध असा उभा आहे, जणू कुणी मान्यवर पाहुणेच फोटोसाठी थांबलेत.

आपलीही बरीचशी कामं अशी नेमून दिलेलीच असतात. त्यात आपली सवय हात आधी चालवायची. मेल अर्धी वाचून उत्तर लिहायला घेतो. फोडणीत मोहरी तडतडल्यावर आठवतं, कढीपत्ता संपलाय. सुरुवात करण्याआधी मिनिटभर नीट बघून घेतलं, तर वेळ फारसा जात नाही. कंटाळवाणं काम त्याने एकदम गमतीचं होईल असंही नाही. पण त्यात काहीबाही दिसायला लागतं. बिलांच्या गठ्ठ्यात एकच बिल दोनदा आलंय. नव्या मुलीने रजिस्टरमधले रकाने किती नेटके आखलेत. काउंटरवर दर महिन्याला पेन्शनसाठी येणाऱ्या आजोबांच्या सहीत आज जरा जास्तच थरथर आहे. हे दिसलं, की त्यांना बसायला खुर्ची द्यावी हेही आपसूक सुचतं.