'वय उलटलं' म्हणून मोकळे होऊ नका

अकरा वर्षांच्या मुलीला एका डोळ्याने अंधुक दिसतं, हे घरात बहुधा योगायोगानेच कळतं. शाळेत तपासणीचं पथक येतं, एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावतं आणि पोरगी वरच्याच ओळींत अडखळते. दोन्ही डोळे उघडे असताना तिचं काही अडत नव्हतं, मग तक्रार तरी कशाची करणार? तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असल्यामुळे मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला सारत राहतो आणि त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही. हाच आळशी डोळा. उपाय जुना आहे: आधी योग्य चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला दुसऱ्या डोळ्याकडून काम करून घ्यावंच लागतं.

इथे घरातली वडीलधारी मंडळी दोन वाक्यं काढतात. पहिलं, 'आता मोठी झाली, काय उपयोग?'

हे वाक्य अडाणीपणातून आलेलं नाही. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या पिल्लांवर प्रयोग करून नजर घडण्याचा काळ ठरावीक असतो हे दाखवलं. 1981 साली त्यांना नोबेल मिळालं. सात-आठ वर्षांनंतर पट्टी व्यर्थ, असं पुढे अनेक डॉक्टरही सांगत. पण 2005 साली अमेरिकेत 7 ते 17 वर्षांच्या 507 मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. 7 ते 12 वयोगटात चष्म्याच्या जोडीला पट्टी आणि औषधाचे थेंब दिल्यावर 53 टक्के मुलं तक्त्यावर किमान दोन ओळी पुढे गेली. नुसत्या चष्म्याने 25 टक्के. तेरा ते सतरा वर्षांच्या ज्या मुलांवर आधी उपचारच झाले नव्हते, त्यांच्यात चष्मा आणि पट्टीने 47 टक्के, तर नुसत्या चष्म्याने 20 टक्के मुलं तेवढी पुढे गेली. आधी उपचार झालेल्यांना या वयात पट्टीचा विशेष लाभ दिसला नाही, आणि बहुतेकांची नजर पूर्ववत झाली नाही, हेही सांगायला हवं. लवकर केलेला उपचार केव्हाही सरस. म्हणून उशिरा कळलेल्या मुलाला प्रयत्नही नाकारायचा?

दुसरं वाक्य 'लोक काय म्हणतील?' आणि माझ्या मते खरा अडसर हाच. तिरळेपणा भाग्याचा म्हणून डॉक्टर टाळायचा, वर्गात मात्र त्याच पोराला 'चकण्या' म्हणून हाक. मुलगी असेल तर चष्म्याआधी तिच्या लग्नाची चिंता. तीन वर्षांच्या मुलाला पट्टी लावता येते. बारा वर्षांच्या मुलाला ती पटवावी लागते. घरात कुजबुज असेल तर ते पट्टी काढून दप्तरात टाकणारच, आणि मग 'ऐकतच नाही' असा ठपकाही त्याच्यावरच.

पट्टी शाळेतच लावली पाहिजे असं नाही. किती तास लावायची ते डॉक्टर ठरवतील, पण संध्याकाळी अभ्यास, चित्रं, कॅरम अशा जवळच्या कामांत ते तास सहज निघतात. वेळोवेळी तपासणी मात्र चुकवू नये, कारण झाकलेल्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागतं. पैशाची सबबही दर वेळी टिकत नाही. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते आणि पुढचे उपचारही.

शिक्षकांनो, वर्गात पट्टी लावलेलं मूल आलं तर ती कशासाठी आहे ते चार वाक्यांत सगळ्यांना सांगा आणि चिडवणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि पालकहो, आज घरी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर मुलाला उभं करा, एकेक डोळा आलटूनपालटून झाका आणि लांबून तारखा वाचायला सांगा. फरक दिसला, तर वय न मोजता याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्या.