मार्लेचं भूत आणि दोन मुलं

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या भूतकथेच्या जागी आधी एक पत्रक निघायचं होतं. १८४३ च्या सुरुवातीला बालमजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल आला. आयोगाचे एक सदस्य डॉ. साउथवुड स्मिथ यांनी तो डिकन्सला धाडला. कारखान्यांत आणि लहानसहान धंद्यांत राबणाऱ्या मुलांच्या साक्षी वाचून तो हादरला. स्वतः बारा वर्षांचा असताना, वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात पडले तेव्हा, तो बुटपॉलिशच्या बरण्यांवर लेबलं चिकटवत होता. गरिबांच्या लेकरांसाठी जनतेला आवाहन करायचं त्याने मार्चमध्ये ठरवलं, आणि चारच दिवसांत ते पुढे ढकललं. वर्षअखेरीस याहून कितीतरी पट जोराचा घाव घालीन, असं त्याने स्मिथना कळवलं.

घाव कसला, हे त्यालाही तेव्हा ठाऊक नसावं. सप्टेंबरमध्ये त्याने लंडनच्या सॅफ्रन हिल भागातली फील्ड लेनची शाळा पाहिली. अंगावर चिंध्या असलेल्या मुलांसाठी चालवलेली ती मोफत शाळा होती. ऑक्टोबरमध्ये गिरण्यांच्या मँचेस्टरमध्ये त्याने शिक्षणावर भाषण केलं. मग सहा आठवड्यांत पुस्तक लिहून झालं आणि १९ डिसेंबरला बाजारात आलं.

साचा त्याच्याकडे आधीपासून होता. ‘पिकविक पेपर्स’मध्ये गेब्रिएल ग्रब नावाच्या थडगी खणणाऱ्या माणसाला नाताळच्या आदल्या रात्री पिशाच्चं उचलून नेतात आणि सुधारून सोडतात. ग्रबचा दोष एवढाच की तो कडवट स्वभावाचा आहे. ‘कॅरोल’चा नायक, कंजूष व्यापारी स्क्रूज, याचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. गरिबांसाठी वर्गणी मागायला आलेल्यांना तो विचारतो, तुरुंग नाहीत का, वर्कहाउस (गरिबांना राबवून घेणारी आश्रयघरं) बंद पडली का? त्यांचा कर मी भरतोच. तिथे जाण्यापेक्षा जे मरण पत्करतात त्यांनी खुशाल मरावं, तेवढीच जादा लोकसंख्या कमी होईल. हे त्याच्या मनचं नाही. माल्थसचा लोकसंख्येचा सिद्धांत आणि १८३४ चा गरीबविषयक कायदा त्याच्या तोंडून बोलतायत. त्या कायद्याने वर्कहाउसात नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळी ठेवली जात. स्क्रूज कायदा पाळणारा, कर भरणारा नागरिक आहे. म्हणूनच तो मला ग्रबपेक्षा भयंकर वाटतो.

अशा माणसाला अहवाल वाचायला देऊन काय होणार? त्याच्याकडे प्रत्येक आकड्याला उत्तर आहे. त्याला हाताला धरून दाखवावं लागतं, आणि ते काम भूतच करू शकतं. आपल्याकडचं भूत स्वतःची इच्छा राहिली म्हणून घुटमळतं. स्क्रूजला भेटायला येणाऱ्या त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं, राहिलंय ते दुसऱ्यांसाठी करायचं काम. त्याच्या साखळीला तिजोऱ्या, किल्ल्या, कुलुपं, खातेवह्या लटकल्या आहेत. खिडकीबाहेर असेच कितीतरी आत्मे भटकताना स्क्रूजला दिसतात. त्यांतला एक, घोट्याला लोखंडी तिजोरी बांधलेला, दारात तान्हं घेऊन बसलेल्या बाईला मदत करता येत नाही म्हणून आक्रोश करतो. द्यावंसं वाटणं आणि देण्याची ताकद संपलेली असणं, याहून कठोर नरक मला कुठल्या कथेत सापडलेला नाही.

आणि ती दोन मुलं. स्क्रूजला वर्तमान दाखवायला आलेल्या भुताच्या झग्याखालून ती बाहेर येतात, मुलगा अज्ञान आणि मुलगी दैन्य. दोघांपासून जपा, पण मुलापासून जास्त, असं भूत बजावतं. इथे फील्ड लेन आहे आणि न निघालेलं पत्रकही.

पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट याचा आठवड्याचा पगार पंधरा. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या हाती ते येणं कठीण होतं. पुढे १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला डिकन्सने त्याचं जाहीर वाचन केलं तेव्हा कामगारांसाठी स्वस्त तिकिटांचा वेगळा कार्यक्रम व्हावा असा आग्रह धरला.

स्क्रूज पगार वाढवतो, पण कायदा होता तिथेच राहतो, हा आक्षेप खरा आहे. डिकन्सलाही तो जाणवला असावा. पुढच्याच वर्षीच्या ‘द चाइम्स’मध्ये त्याने थेट दंडाधिकारी आणि खासदार यांना धारेवर धरलं. वाचकांनी मात्र जिव्हाळा लावला तो स्क्रूजला, आणि हळूहळू ही गोष्ट सणासुदीच्या दानधर्मापुरती उरली. झग्याखालच्या त्या मुलाचं, अज्ञानाचं, काम तेवढ्याने भागणारं नव्हतं. जून १८७० मध्ये डिकन्स गेला. ऑगस्टमध्ये इंग्लंडने सरकारी प्राथमिक शाळांचा कायदा केला, आणि मुलांना शाळेत घालणं सर्वत्र सक्तीचं व्हायला १८८० उजाडलं.